आईबाबांचं घर आवरताना: आठवणीच्या वस्तू किती ठेवाव्यात, कशा ठेवाव्यात

आईवडिलांचं घर रिकामं करायची वेळ हल्ली बऱ्याच घरांवर येते. कुठे सोसायटी पुनर्विकासाला गेलेली असते, कुठे दोघांपैकी एकजण गेल्यावर मागे राहिलेला मुलीकडे किंवा मुलाकडे राहायला येणार असतो, तर कुठे गावचं घर विकायला काढलेलं असतं. चाळीस-पन्नास वर्षांचा संसार समोर पसरलेला असतो आणि आपल्याकडे जागा दोन खोल्यांची. त्यात आपण स्वतः मोजक्या सामानात राहायचं ठरवलेलं असेल, तर प्रत्येक डब्यापाशी हात अडतो.

माझं मत आधीच सांगते. वस्तू टिकते ती तिच्या गोष्टीमुळे. जिची गोष्ट घरात कोणालाच सांगता येत नाही, ती वस्तू कितीही जपली तरी पुढच्या पिढीत मोडीत जाते. म्हणून या कामाचा क्रम मी असा धरते: आधी गोष्ट लिहून घ्यायची, मग निवड करायची, आणि निवडलेलं नीट जपायचं. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं. आधी सगळं खोक्यांत भरलं जातं, खोकी माळ्यावर जातात, आणि गोष्ट माहीत असलेलं माणूस तोवर निघून गेलेलं असतं.

कमी वस्तूंत राहायचं म्हणजे आठवणींनाही घराबाहेर काढायचं, असं मुळीच नाही. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या बापूकुटीत त्यांच्या मोजक्या वस्तू आजही पाहायला मिळतात आणि त्यांत तीन माकडांची छोटीशी मूर्ती आहे. ती त्यांना कोणीतरी भेट दिलेली होती. अपरिग्रहाचं व्रत घेतलेल्या माणसाच्या खोलीतही एका भेटवस्तूला जागा होती. तुमच्या-माझ्या घरात ती असायला काहीच हरकत नाही. प्रश्न उरतो तो कोणत्या वस्तूला जागा द्यायची आणि किती, एवढाच.

आधी कागद, मग बाकीचं

घरातलं माणूस गेलं असेल तर तेराव्या-चौदाव्याच्या गडबडीत कपाटं उघडू नका. नातेवाईक जमलेले असतात, प्रत्येकाचा हात लागतो, "हे मी नेऊ का?" असं कोणी विचारलं तर नाही म्हणवत नाही. जागा लगेच सोडायची नसेल तर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. लगेच सोडायचीच असेल, तर निदान निवड त्या दिवसांत करू नये. भरून ठेवावं आणि नंतर निवांत बसावं.

मात्र कागद लगेच पाहावे लागतात. मृत्युपत्र, ठेवींच्या पावत्या, एलआयसीच्या पॉलिसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा, पेन्शनची कागदपत्रं, जुने कागदी शेअर. ही सगळी एका फाइलमध्ये घालून ती फाइल त्या घरातून बाहेर काढा. आवराआवरीत ती पुन्हा रद्दीत मिसळायला नको.

जुन्या पिढीची पैसे ठेवायची ठिकाणं माहीत असू द्या: साडीची घडी, तांदळाचा डबा, देवघरातल्या पोथीचं कापड, गादीचा खालचा कोपरा, ब्लाउजपीसचं गाठोडं. प्रत्येक साडी उलगडून, प्रत्येक पुस्तक पानं झटकूनच पुढे सरकवा. यात कधीकधी नोटबंदीच्या आधीच्या पाचशे-हजाराच्या नोटा सापडतात. २०१७च्या कायद्यानुसार अशा बाद नोटा एकूण दहापर्यंतच जवळ ठेवता येतात. अभ्यासासाठी किंवा नाणेसंग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर "आईची आठवण" म्हणून तशाच ठेवू नका, वकिलाला किंवा सीएला विचारून पुढचं ठरवा.

सुरुवात स्वयंपाकघराच्या डब्यांपासून

फोटोंचा अल्बम आधी उघडला की दिवस संपला. म्हणून सुरुवात जिथे मन गुंतत नाही तिथून करायची: प्लास्टिकचे डबे, वर्तमानपत्रं, मुदत संपलेली औषधं, बंद पडलेले मिक्सर, बिलं, कॅलेंडरं. या सामानानेच निम्मं घर भरलेलं असतं, आणि ते गेलं की उरलेल्याकडे शांतपणे बघता येतं. हातालाही निवडायची सवय होते.

आठवणीच्या वस्तू हाताशी आल्या की त्या फक्त एका खोलीत नेऊन ठेवा. तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा नाही. सगळ्या एकत्र आल्यावर कळतं की आजोबांचे चष्मे सहा आहेत आणि त्यांतला एकच ते रोज लावायचे.

मग चार ढीग करा. एक राहणार, दुसरा कोणाला तरी द्यायचा, तिसरा फोटो काढून सोडून द्यायचा, आणि चौथा "ठरत नाही". या चौथ्याची लाज बाळगू नका. खोक्यात घाला, चिकटपट्टी लावा, वर आजची तारीख लिहा. वर्षभरात ते उघडायची गरज पडली नाही, तर पुढच्या वर्षी निर्णय बराच सोपा होतो.

एक नियम काटेकोर पाळायचा: दुसऱ्याची आठवण आपण निकालात काढायची नाही. भावाच्या क्रिकेटच्या ढाली तुम्हाला अडगळ वाटत असतील. त्याला फोन करा, फोटो पाठवा, महिन्याभराची मुदत द्या. आई अजून असेल तर तिच्या वस्तूंबद्दल तिचा शब्द शेवटचा. म्हाताऱ्या माणसाला घर सोडायला लावणंच फार असतं. त्यात तिची खुर्ची, तिची पोळपाट-लाटण्याची जोडी, तिची उशाशी ठेवायची पितळी डबी तिच्या डोळ्यांदेखत काढून टाकू नये. या वस्तू तिच्यासोबत नव्या घरी जायलाच हव्यात, मग आपल्या मांडणीत त्या बसोत न बसोत.

गोष्ट लिहून घ्या

सगळ्यांत जास्त वेळ मी इथे द्यायला सांगेन.

घरातलं जाणतं माणूस शेजारी बसवा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या. हातात द्यायची, लांबून दाखवायची नाही. "याबद्दल सांग ना काहीतरी" असं विचारलं तर "काय सांगायचं, जुनं आहे" एवढंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा बारीक विचारा: हे कोणी आणलं? कोणत्या गावाहून? तेव्हा कुठल्या घरात राहत होता? कोण वापरायचं? हा पोचा कसा पडला? एका बैठकीत दहा-बारा वस्तूंपेक्षा जास्त नको, माणूस दमतं.

मग प्रत्येक वस्तूची चिठ्ठी करा. पोस्टकार्डाएवढा जाडसर कागद आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई ओलीला पसरू शकते, पेन्सिल टिकते. आमच्या घरातल्या एका अडकित्त्याची चिठ्ठी अशी आहे:

"अडकित्ता, पितळी, पातं लोखंडी. आजीच्या वडिलांनी तिला लग्नात दिला. दोन्ही मुठींवर मोर आहेत. डाव्या मुठीवरचा मोर झिजून गुळगुळीत झालाय, कारण आजी डावखुरी होती. जेवण झालं की ओसरीच्या पायरीवर बसून ती याने सुपारी कातरायची आणि कातरताना कोणाशी बोलायची नाही. खिळा एकदा बदललेला आहे."

यात पाच-सहा वाक्यंच आहेत. पण हा अडकित्ता हातात घेऊन आजीला कधीच न पाहिलेली नात डाव्या मुठीवरून अंगठा फिरवते. चिठ्ठी नसती तर ती जुन्या बाजारातल्या शंभरातली एक वस्तू होती. चिठ्ठीत कौतुकाचे शब्द कमी आणि वापराच्या खुणा जास्त असाव्यात: झीज, डाग, डागडुजी, सवयी.

लिहिताना एक गंमत होते. काही वस्तूंबद्दल काहीच सांगण्यासारखं निघत नाही. "लग्नात आलेला आहेर, कधी वापरला नाही." अशा वस्तू आपोआपच द्यायच्या ढिगात जातात आणि कोणालाही वाईट वाटत नाही. निवडीचं निम्मं काम चिठ्ठ्याच करून टाकतात.

जागा आधी ठरवा

किती ठेवायचं याचा आकडा मनाला विचारून मिळत नाही, तो जागेला विचारावा. माझा सल्ला: आईवडिलांकडच्या आठवणींसाठी एक मध्यम आकाराची ट्रंक, आणि रोजच्या वापरात किंवा डोळ्यांसमोर राहतील अशा पाच-सात वस्तू. तुमच्याकडे कपाटाचा एक खण असेल तर तो खण. जे काही ठरवाल ते रिकामं समोर ठेवा आणि मग भरायला घ्या. भरलं की थांबा. नंतर काही घालावंसं वाटलं तर आतलं एक बाहेर काढा.

त्यातही रोजच्या वापरातली वस्तू ट्रंकेतल्या वस्तूपेक्षा केव्हाही बरी. आईच्या हातची मिसळणाची डबी रोज फोडणीला उघडली जात असेल, तर ती जागा खात नाही. तुमचीच एक नवी डबी वाचली.

साड्या

आईच्या साड्यांचा प्रश्न बहुतेक लेकींना सर्वांत जड जातो. पूर्वी बोहारीण दारात यायची आणि चार साड्यांवर एक स्टीलचं पातेलं देऊन जायची, हिशेब मिटायचा. आता कपाट भरून साड्या निघतात.

आधी रोजच्या सुती आणि सिंथेटिक साड्या वेगळ्या करा. त्यांतली जी आईच्या अंगावर तुम्हाला सगळ्यांत जास्त आठवते, ती एक ठेवा. बाकीच्या चांगल्या स्थितीतल्या साड्या कामवाल्या मावशींना, ओळखीच्या गरजूंना, किंवा गूंजसारख्या कपडे स्वीकारणाऱ्या संस्थेला द्या. धुऊन, इस्त्री करून द्या.

मऊ झालेल्या, विरलेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घेता येते. गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून गावोगावी आहेत आणि शहरांतही ऑर्डर घेणाऱ्या मिळतात. शिवायला देताना आवर्जून सांगा की कोणती साडी वरच्या बाजूला हवी आणि काठ कुठे यावा. नाहीतर आईची ओळखीची साडी आतल्या थरात जाते. जुन्या नऊवारीचं दुपटं किंवा झबलं तान्ह्या बाळाला फार सुख देतं.

रेशमी साड्यांपुढे मात्र कात्री घेऊन बसायची घाई करू नका. धड असलेली पैठणी किंवा इरकल कापून उशांचे अभ्रे करणं मला पटत नाही. नेसणारी कोणी असेल तर तिला द्या, भाची असो, सून असो, मैत्रिणीची मुलगी असो. घडीवर चिरलेली साडी असेल तर काठपदर काढून दुसऱ्या कापडावर लावता येतात. जुन्या साडीची जर खरी असू शकते, म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी. जुनी जर विकत घेणारे ती जाळून चांदी काढतात. म्हणून दारावर आलेल्याला वजनावर देण्यापूर्वी माहितगार सोनाराकडून तपासून घ्या.

ठेवायची साडी ठेवावी अशी: धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या मऊ सुती पंचात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. डांबरगोळ्या जरीला लागल्या तर जर काळवंडते, त्यापेक्षा कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, कारण रेशीम त्याच त्या घडीवर फाटतं. जड जरीची साडी हॅंगरला लटकवू नये.

भांडी

पितळी पातेली, तांब्याचा बंब, घंगाळ, काशाच्या वाट्या, परात. यांतली सगळी कोणालाच ठेवता येत नाहीत.

आधी प्रत्येक भांडं उलटं करून, काठाशी आणि तळाशी नीट बघा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. "मंगळागौरीप्रीत्यर्थ मामाकडून" आणि पुढे तारीख, असं टिंबाटिंबांनी कोरलेलं सापडतं. ते भांडं म्हणजे कुटुंबाचा कागदच आहे. नाव घातलेलं आणि रोज वापरता येईल अशा मापाचं, असं एक निवडा. त्याला कल्हई करून घ्या. कल्हईवाले कमी झाले असले तरी जुन्या पेठांत, तांबट आळीच्या आसपास मिळतात. कथील आणि नवसागर वापरून केलेली ही कल्हई गेली की पितळेत आंबट शिजवू नये, ताक-चिंच तर मुळीच नाही. उरलेल्या नावांचे जवळून फोटो काढून ठेवा.

बाकीचं मोडीत द्यायचं असेल तर घरी वजन करून जा आणि पितळ, तांबं, कासं वेगवेगळं द्या. कासं म्हणजे तांबं आणि कथील. वाटीवर टिचकी मारली की नाद लांबपर्यंत घुमतो, त्यावरून ओळखता येतं. ते पितळेच्या भावात जाऊ देऊ नका. बंब आणि घंगाळ ज्याच्याकडे अंगण आहे, गावी घर आहे, अशा नातेवाइकाला आधी विचारावं. जातं आणि पाटा-वरवंटा फ्लॅटमध्ये नेलाच तर वापरा. गॅलरीत कुंड्यांच्या मागे पडला तर तो गावातच चांगला होता.

फोटो, पत्रं आणि कॅसेट

ऐंशी-नव्वदच्या दशकांत चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम घरोघरी होते. त्यांतला गोंद कालांतराने पिवळा पडतो आणि फोटो खराब करतो. फोटो त्यांतून काढून घ्या. ओढून काढू नका. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवला की फोटो सुटतो. अगदी चिकटला असेल तर पानासकट स्कॅन करून सोडून द्या.

लग्नाच्या अल्बमात आहेर देतानाचे शेकडो फोटो एकाच पोजचे असतात. प्रत्येक प्रसंगातला सर्वांत जिवंत एक ठेवा. देवळाच्या, धबधब्याच्या, बागेच्या ज्या फोटोंत आपलं कोणीच नाही ते सरळ काढून टाका. मागे नावं, ठिकाण, साल मऊ पेन्सिलीने लिहा. आणि हे काम ज्येष्ठ माणसांसोबतच करा: १९६५च्या ग्रुप फोटोतली दुसऱ्या रांगेतली बाई कोण, हे सांगणारं बहुधा एकच माणूस उरलेलं असतं.

स्कॅन करताना साध्या पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) पुरे. निगेटिव्ह असतील तर त्याहून बरंच जास्त लागतं, ते स्टुडिओतून करून घ्यावं. फाइलला नाव साल, ठिकाण, प्रसंग, माणसं या क्रमाने द्या. प्रती तीन ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, म्हणजे बहिणीकडच्या हार्डडिस्कवर किंवा क्लाउडवर. फोनच्या गॅलरीत पडून असलेला फोटो जपलेला धरू नका.

पत्रांच्या गठ्ठ्याला रबरबॅंड, टाचण्या, स्टेपलच्या पिना असतील तर त्या काढा. गंजून कागद खातात. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. आंतरदेशीय पत्रं उलगडून सपाट ठेवा, तारखेप्रमाणे लावा. भारतातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, तेव्हा घरात जुनी तार सापडली तर ती ठेवण्यासारखी आहे. आईवडिलांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं वाचावीत का? हयात असतील त्यांना विचारा. दोघंही नसतील तर माझं मत, एकाच व्यक्तीने वाचून ठरवावं. सगळ्या गोतावळ्यात ती फिरवू नयेत.

आजोबांचा आवाज असलेली कॅसेट किंवा मुंजीची व्हिडिओ कॅसेट असेल तर बाकी सगळं थांबवून आधी तिची डिजिटल प्रत करा. चुंबकीय फीत काही दशकांत निकामी होते आणि ती वाजवणारी यंत्रं तिच्याही आधी संपत आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. ऑडिओ कॅसेटसाठी चालू टेपरेकॉर्डर, एक वायर आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. बुरशी आलेली कॅसेट मात्र घरी लावू नका.

घरात मोडी लिपीतले कागद निघाले तर ते रद्दीत जाता कामा नयेत. वाचता येत नाहीत म्हणून ते बिनमोलाचे ठरत नाहीत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशाच कागदांवर काम करत आलं आहे. तिथे किंवा मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवून मगच पुढचं ठरवा.

लहानपणीच्या वस्तू आणि देवघर

मुलांच्या वस्तूंत वाळे, बिंदल्या, कुंची, पहिलं झबलं एवढं एका छोट्या डब्यात मावतं. चित्रांचं वर्षाला एकच ठेवा, मुलालाच निवडू द्या आणि मागे त्याने काय सांगितलं ते लिहा. प्रगतिपुस्तकं आवडत असतील तर स्कॅन पुरे.

देवघराचं जरा जपून. लग्नात मुलगी माहेरून बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आणते, म्हणून पिढ्या एकत्र आल्या की एकाच देवघरात तीन-तीन जोड्या होतात. टाक आणि कुळाचाराच्या मूर्ती कोणाकडे जाणार हे घरातल्यांनी बसून ठरवावं आणि जो पूजा करणार त्याच्याकडेच द्याव्यात. जास्तीचा बाळकृष्ण लग्न ठरलेल्या भाचीला देणं हा मला सर्वांत सुंदर मार्ग वाटतो. जुन्या तसबिरींची काच आणि चौकट वेगळी करून त्या गोळा करणाऱ्या संस्थांकडे द्या. झाडाखाली नेऊन ठेवू नका, नदीतही सोडू नका.

मोठं सामान: फोटो काढा आणि जाऊ द्या

शिसवी पलंग, झोपाळा, बाबांचं टेबल, आईचं शिलाई मशीन. जागा नसेल तर फोटो काढून सोडावं लागतं, आणि हा उपाय खरोखर लागू पडतो. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत याचा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. काही वसतिगृहांत "आठवणीच्या वस्तूचा फोटो काढा, मग ती दान करा" असं आवाहन केलं, काहींत नुसतंच दानाचं. पहिल्या ठिकाणी ६१३ वस्तू जमा झाल्या, दुसऱ्या ठिकाणी ५३३.

फोटो मात्र ओएलएक्सवर टाकतो तसा काढू नये. आईला मशीनवर बसवा, पाय पायट्यावर, हात कापडावर, आणि दुपारचा उजेड. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज रेकॉर्ड करा. टेबलाचा खण उघडून आतल्या शाईच्या डागांचा फोटो घ्या. मग वस्तू चालू हातात द्या. शिलाई मशीन शिवणकाम शिकणाऱ्या मुलीकडे गेलं तर त्याला पुढचं आयुष्य मिळतं.

काही वस्तू संग्रहालयाच्या तोडीच्याही निघतात. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय अशाच घरगुती वस्तूंतून उभं राहिलं: अडकित्ते, दिवे, कुलपं, फण्या. दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारास संग्रह सुरू केला, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केलं आणि १९७५मध्ये ते राज्य सरकारच्या हवाली केलं. दुर्मीळ काही असेल तर संग्रहालयाला आधी फोटो आणि माहिती कळवून विचारा; वस्तू घेऊन थेट दारात जाऊ नका.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक सूचना. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, भांडी, कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या पुरावस्तू कायद्याने बंधन आहे. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पणजीची पितळी मूर्ती बॅगेत घालण्यापूर्वी ती पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व विभागाचा दाखला घ्यावा. लाकडी वस्तू ऑस्ट्रेलियात नेत असाल तर विमानतळावर जाहीर कराव्या लागतात.

भावंडांत वाटणी

भांडणं सोन्यावरून होतात असं वाटतं, पण खलबत्त्यावरूनही होतात. आम्हाला उपयोगी पडलेली पद्धत: सगळ्या वस्तूंचे फोटो एका ग्रुपवर टाकायचे, प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर आपल्याला मनापासून हव्या असलेल्या पाच वस्तू आणि त्यांची कारणं लिहायची, मग कागद एकदम उघडायचे. दोघांनी एकच वस्तू लिहिली असेल तर कारणं मोठ्याने वाचायची. बऱ्याचदा एकजण स्वतःहून सोडतो, कारण दुसऱ्याची गोष्ट त्याला पहिल्यांदाच कळलेली असते.

तरीही तिढा राहिला तर वस्तू फिरती ठेवा. कित्येक घरांत भावाभावांकडे गणपती पाळीने असतो, गौरींचे मुखवटे दरवर्षी एका घरातून दुसऱ्या घरी जातात. आजीची पैठणीही तशी कार्याला फिरू शकते. आणि लेकींना वाटणीत बरोबरीने बसवा. "तुला काय, तू सासरी" हे वाक्य अजूनही बऱ्याच घरांत ऐकू येतं, ते तिथेच थांबवलं पाहिजे.

ट्रंक भरताना आणि पावसाळ्यानंतर

पत्र्याची ट्रंक आतून धुतलेल्या सुती चादरीने मढवा, म्हणजे गंज कापडाला लागत नाही. जड खाली, कागद वर आणि वेगळ्या पाकिटात. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वेळोवेळी बदला. ट्रंक माळ्यावर किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून नको. जमिनीपासून चार बोटं वर, लाकडी पट्ट्यांवर ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ओल सर्वांत जास्त, शिवाय कसर आणि वाळवी. म्हणून पाऊस सरला की दसरा-दिवाळीच्या साफसफाईत ती दरवर्षी उघडायचीच. कपडे सावलीत वाऱ्यावर टाका, थेट उन्हात रेशमाचा रंग उडतो. पत्रं चाळा, कडा तपासा, साड्यांच्या घड्या बदला.

झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा: वस्तू, चिठ्ठीचा क्रमांक, पुढे कोणाकडे जाणार. "ठरत नाही" लिहिलेलं खोकंही त्याच दिवशी काढा आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूबद्दल एकच विचारा, हिची चिठ्ठी मला आज लिहिता येईल का? येत असेल तर लिहा आणि ट्रंकेत जागा करा. नसेल तर फोटो काढून वस्तू पुढे द्या.

मुलं मोठी असतील तर त्यांना या दिवशी सोबत बसवा आणि त्यांना काय नको आहे तेही स्पष्ट सांगू द्या. त्यांनी नको म्हटलेली वस्तू तुमच्या हयातीत तुम्हाला हवी असेल तर खुशाल ठेवा. फक्त यादीत तिच्यापुढे लिहून टाका, "माझ्यानंतर द्यायला हरकत नाही", म्हणजे पुढे आवरायला बसणाऱ्याचा हात तिथे अडणार नाही.